कादरचाचांची कमी भाकर

धाड गावच्या बाजारात कादरचाचांच्या दुकानातून पार्सल घेतलं की लोक त्याची गाठ रस्त्यातच सोडतात आणि भाकरी मोजतात. एखादी कमी निघाली तर तोंडचं पाणी पळतं. गावाची समजूत अशी, की चाचांच्या हातून भाकर कमी पडली म्हणजे त्या घरातलं एक खाणारं कमी होणार.

दुकानात बसायला जागा नाही. धुरानं काळी झालेली एकच खोली आणि चुलीकडे तोंड करून बसलेले चाचा. गिऱ्हाइकानं घरचं फडकं आत द्यायचं. चाचा ते झटकतात, हुंगतात, मग त्यात भाकरी बांधतात. आलू-वांग्याची भाजी वेगळ्या डब्यात. मान वर करत नाहीत. भाकर कमी का, असं विचारलं तर म्हणतात, "हात मोजते, मी नाही."

कापडवाल्या गजाननभाऊला एकदा अशीच एक कमी मिळाली. घाबरून त्यानं मारुतीला नारळ फोडला. संध्याकाळी, दिवाळीपासून मुक्काम ठोकून बसलेला त्याचा मेहुणा एसटी धरून निघून गेला. तेव्हापासून घरी पाहुणे टिकले की त्याची बायको विनवते, "चाचा, आज एक कमी बांधा ना!"

पण सोनारांच्या म्हाताऱ्याची भाकर कमी झाली आणि आठवड्यात म्हातारा गेला. त्यावर कोणी हसत नाही.

मी हिशेबी माणूस, असलं काही मानत नाही. बायको, सुमन, तापानं अंथरुणाला खिळली म्हणून रोज दुपारी फडकं घेऊन जाऊ लागलो. दोघांच्या चार भाकरी. एका दुपारी गाठोडं हाताला हलकं लागलं. सोडलं. दोनच.

"चाचा, चार सांगतल्या होत्या."

"हात मोजते, मी नाही."

"अहो, पन तिच्या कुठं हायेत?"

चाचांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. "नेऊन काय करता भाऊ? खानारं हाय कोन?"

मागून गजाननभाऊ ओरडला, "पाहून काय राह्यले? पळा ना बापा!"

पळालो. दार सताड उघडं. खाट रिकामी. हाक मारली, उत्तर नाही.

सुमन स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. तोंडात घास होता म्हणून बोलली नव्हती. मांडीवर अनोळखी डबा, त्यात मुगाची पातळ खिचडी.

"चाचा सकाळीच देऊन गेले," घास गिळून ती म्हणाली. "तुमी नसले का येऊन राह्यले. भाकर जातच नोयती मले. तुमाले घोर नको म्हणून तुकडे फडक्यातच दडवत होती. झटकलं तवा त्याईले समजलं. मीच शपथ घातली, यांले सांगू नका म्हणून."

मी तिच्याजवळ खाली बसलो. ती पुढं म्हणाली, "त्याईची बीवी बी आजारपनात अशेच तुकडे उशीखाली दडवे. ती गेल्यावर सापडले."

सुमन हिंडू-फिरू लागली तेव्हा मी चाचांना ओढूनच घरी जेवायला आणलं. "चूल इझंन, दुकान उघडं हाय," असं पुटपुटत आले. पाटावर अंग चोरून बसले. सुमननं वाढलं. त्यांनी भाकर मोडली, मोठा अर्धा भाग शेजारच्या रिकाम्या जागेकडे सरकवला आणि खाली मान घालून हळू म्हणाले, "खाय ना."

सुमन उठली, आणि त्या जागेवर तिनं आणखी एक ताट मांडलं.