राणीचं विष आणि आमचं टेबल

"मग आपलं जेवणाचं टेबल ने की!" एवढं एकच वाक्य मी बोललो, आणि तेही तोंडात घास असताना. बायको जुन्या किल्ल्यात ऑपेरा महोत्सव भरवत होती आणि राजाच्या दरबारात शोभेल असं टेबल तिला कुठेच मिळेना. (मी नेहमी दुसऱ्याच्या वस्तूंबाबत उदार असतो. टेबल सासऱ्यांनी दिलेलं आहे.)

त्या टेबलावर ओला पेला ठेवायची आमच्या घरात कुणाची छाती नाही. ठेवलाच, तर आतल्या खोलीतून आवाज येतो, "अहो, खाली काहीतरी ठेवा!" भिंतीपलीकडून तिला कसं दिसतं, देव जाणे. आता तर पाहुण्याचा पेला टेकायच्या आत माझा हात आपोआप पुढे जातो.

बाकी बायको म्हणजे चीज आहे हं! ज्या किल्ल्यात वटवाघळांखेरीज कुणी तोंड उघडलं नव्हतं, तिथे अख्खं नाटक गाऊन करायचं, तेही वाद्यवृंदासकट, हे तिलाच सुचावं. किल्ल्याच्या व्यवस्थापकांच्या मागे लागून लागून तिने दरबाराचं दालन मिळवलं. ते म्हणाले, "पहिला प्रयोग फसला, तर पुन्हा नाव काढायचं नाही." तिची झोप उडाली. माझीही उडाली, कारण ती झोपेतही सूचना देते.

प्रयोगाच्या दिवशी नेमका नाटकातला एक पहारेकरी तापाने फणफणला. बायकोने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अहो, तुम्हीच उभे राहा. भाला धरायचा, बोलायचं नाही, हलायचं नाही."

"जमेल मला?"

"घरी तेच तर करता."

पडदा वर गेला. राणीचं काम करणाऱ्या बाई दुपारी विंगेत गुळण्या करत होत्या, तेव्हा चारचौघींसारख्याच वाटल्या होत्या. त्यांनी पहिला सूर लावला आणि दगडी भिंतीसुद्धा गाऊ लागल्या. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. (पत्र्याच्या चिलखतात काटा आला, की फार टोचतो.)

शेवटच्या प्रवेशात राजा राणीला विषाचा पेला पाठवतो. ती अखेरचं गाणं गाते, पेला पिते आणि मरते. सेवकाने काठोकाठ भरलेला पेला आणून टेबलावर ठेवला. बाहेरून थेंब ओघळत होते. खाली काहीही नव्हतं!

पुढचं मी केलं नाही, ते झालं. भाला भिंतीला टेकवला, पेला उचलला आणि बाहीने टेबल पुसलं. वर पाहतो, तर सगळे प्रेक्षक माझ्याकडे बघताहेत आणि विंगेत बायकोने कपाळाला हात लावलाय.

पेला ठेवावा, तर डाग पडणार. न ठेवावा, तर राणी मरणार कशी? आणि ती मेली नाही, तर महोत्सव मेला. बायकोची सगळी मेहनत मी पाण्यात घातली होती. मी पेला छातीशी धरून थरथर कापत उभा राहिलो.

पण धन्य त्या बाई! एक सूर न चुकवता गात गात त्या माझ्यापाशी आल्या. माझ्या गालावरून हात फिरवला, अलगद माझी बोटं सोडवली आणि पेला प्यायल्या. प्रेक्षकांत हुंदके ऐकू येऊ लागले.

पडदा पडताच व्यवस्थापक नाक पुसतच विंगेत आले. "राणीला विष द्यायला ज्याचा हात धजत नाही, असा पहारेकरी! काय सुचलंय हो तुम्हाला! पुढच्या वर्षीही दालन तुमचंच."

"आम्ही बारकाव्यांवर फार मेहनत घेतो," बायको माझ्याकडे न बघता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तालमीत ती म्हणाली, "कालचंच करा. आणि टेबलाची चिंता नको, पडला डाग तर पडू दे." लग्नानंतर हे ती प्रथमच म्हणत होती. झालं, माझी भीतीच गेली! पेला धरून मी म्हणे हॉटेलात ऑर्डर आणल्यासारखा दिसत होतो. ते काम दिवे सांभाळणाऱ्या इलेक्ट्रिशियनला मिळालं. तो पेला उचलण्याआधी चांगला लांबलचक उसासा टाकायचा आणि रोज टाळ्या घ्यायचा.

महोत्सव दणक्यात संपला. टेबल घरी आलं, तर मधोमध पांढरा गोल डाग.

"अहो!" बायको कडाडली. "हा पडत होता तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"तिसऱ्या रांगेत," मी म्हणालो. "तिकीट काढून."