ढवळे भाऊजींची शिट्टी

आमच्या सोसायटीतले ढवळे भाऊजी गळ्यात शिट्टी अडकवून भाजीला जायचे. पीटीच्या मास्तरांकडे असते तसली पितळी शिट्टी, काळ्या दोरीत ओवलेली. वाटेत आम्ही कोणी दोघं-तिघं भेटलो की कोपऱ्यावर थांबून ती फुंकायची आणि माणसं मोजायची. "एक, दोन, तीन. ठीक. चला." आता तिघांत हरवणार कोण? मी एकदा विचारलंसुद्धा. तर म्हणे, "तसं नाही वहिनी. तीन मोजायची सवय असली की तीस मोजताना घाम फुटत नाही."

मी बँकेत काउंटरवर बसणारी बाई. दिवसभर लोक मला शहाणपण शिकवतात, म्हणून संध्याकाळी आणखी कोणी शिकवलेलं मला खपत नाही. त्यामुळे पहिली दोन वर्षं मी ह्या माणसाला सरळ सरळ येडा समजत होते.

ही गोष्ट ऐंशीनंतरची. वाशीत तेव्हा निम्म्या इमारती जमिनीवर होत्या आणि निम्म्या नकाशावर. मुंबईला जायचं म्हणजे खाडीच्या पुलावरून बसने. भाऊजी मूळचे बार्शीचे, रबाळ्याच्या एका कारखान्यात प्लॅनिंगला होते, आणि तिथलं प्लॅनिंग संध्याकाळी डब्याबरोबर घरी आणायचे. "आधी कागदावर, मग पायावर," हे त्यांचं पालुपद. गणपतीच्या विसर्जनाला कोणत्या वळणावर कोणी 'मोरया' म्हणायचं, तेही कागदावर. त्यांच्या घरच्या हळदीकुंकवाला तर बायकांना दारातच नंबर वाटले. मला नऊ नंबर मिळाला. म्हटलं, "हे काय भाऊजी, रेशनचं दुकान आहे का?"

"गर्दी होत नाही ओ," म्हणाले.

आणि खोटं कशाला बोलू, झाली नाही. जन्मात पहिल्यांदा मी कोणाच्या घरून दहा मिनिटांत वाण घेऊन बाहेर पडले.

त्यांच्या बायकोचं नाव कुसुमताई. मूलबाळ नाही, दोघंच. लहानपणी कुसुमताईंना सांध्यांचा ताप आला होता, तो हृदयाच्या झडपेत मुरला. शंभरेक पावलं सलग चालल्या की धाप लागायची, मग दोन मिनिटं बसलं की पुन्हा ठीक. डॉक्टरांची चालायला ना नव्हती, फक्त सलग चालायला होती. तळमजल्याचं घर त्याचसाठी घेतलेलं. बाई बोलकी, हसरी, पण भाजीबाजाराच्या पलीकडे पाऊल टाकायची नाही. कारण एकदा दादरला लग्नाला गेल्या होत्या, जिन्यात धाप लागून पायरीवर बसल्या आणि अख्खं वऱ्हाड खोळंबलं. तेव्हा कोणीतरी नात्यातली बाई त्यांच्या देखत म्हणाली, "झेपत नाही तर माणसानं निघावं कशाला!"

"तेव्हापासून ठरवलंय सुमन," मला सांगायच्या, "माझ्यापायी कोणी थांबलेलं मला चालायचं नाही. त्यापेक्षा घर बरं."

एकदाच, तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या होत्या, "तिसरीच्या पुस्तकात पाणघोड्याचं चित्र होतं गं. एवढं मोठं तोंड उघडलेलं. बाई म्हणाल्या, हा मुंबईला राणीच्या बागेत आहे. तेव्हा वाटायचं, मुंबई कुठे आणि बार्शी कुठे! आता मुंबईच्या उंबऱ्यावर येऊन बसलेय, आणि पाणघोडा आहे तिथेच."

मी हे ऐकलं आणि विसरले. भाऊजी तेव्हा आतल्या खोलीत रेडिओ दुरुस्त करत होते.

पुढच्याच महिन्यात त्यांनी पाच बिऱ्हाडांना घरी बोलावलं आणि सहल जाहीर केली. सकाळी राणीची बाग, दुपारी वरळीचं नवीन विज्ञान केंद्र. पोरं नाचायला लागली. भाऊजींनी पुठ्ठ्याला चाप लावलेला कागद काढला आणि वाचला, "एकूण माणसं बावीस."

मी बँकेतली. बोटांवर मोजायची गरज नाही. "एकवीस होतात, भाऊजी."

"बावीस."

कुसुमताई चहाचे कप गोळा करत होत्या. म्हणाल्या, "मला धरू नका हं. मी आधीच सांगितलंय."

"बघा, एकवीस," मी म्हटलं. "गणित चुकलं तुमचं."

"गणित चुकत नाही वहिनी," भाऊजी शांतपणे म्हणाले, "कधी कधी उत्तर उशिरा येतं." आणि कागदावर बावीसच राहू दिलं. कुसुमताई कप घेऊन आत गेल्या, त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

त्यानंतर ओळीने चार रविवार भाऊजी एकटेच राणीच्या बागेत गेले. पाहणी म्हणे! आमच्या मागच्या गावातले म्हात्रे किराणा दुकान चालवायचे. त्यांच्या पुतण्याची मिनीबस न्हावा शेव्याच्या बंदराच्या कामावर माणसं न्यायची आणि रविवारी मोकळी असायची, ती आम्ही ठरवली होती. हा पुतण्या एका रविवारी पाहुण्यांना घेऊन बागेत गेला आणि सोमवारी दुकानात सांगत सुटला, "तुमचा ढवले सायेब तिथं टिचभर टिचभर पावला टाकीत चालत व्हता. तोंडानं मोजीत पन व्हता. वाग बगाला गेलाय का जमीन मोजाला? येडा हाय का काय?"

दुकानात हसून हसून पुरेवाट झाली. सगळ्यांत मोठ्याने मी हसले.

मग आली रंगीत तालीम. हो, तालीम! सहलीच्या आदल्या रविवारी सकाळी आठला सगळ्यांना कंपाउंडमध्ये उतरवलं. खडूने रस्ता आखलेला. पाण्याची टाकी म्हणजे हत्ती, मीटरची खोली म्हणजे वाघ, गटाराचं चेंबर म्हणजे पाणघोडा. आमचे सेक्रेटरी कुलकर्णी म्हणाले, "ढवळे, सोसायटीच्या नियमात हे बसत नाही." भाऊजींनी त्यांना चौदा नंबर दिला आणि रांगेत उभं केलं. माझा हळदीकुंकवाचा नऊच कायम राहिला.

नियम असा : शिट्टी वाजली की जिथे असाल तिथे थांबायचं, खाली बसायचं आणि आपापला नंबर ओरडायचा. ती शिट्टी तरी किती वेळा वाजावी! हत्तीपाशी पोचतो न पोचतो तोच शिट्टी. वाघाआधी शिट्टी, वाघानंतर शिट्टी. आमच्या ह्यांचं पोट मोठं, उठबस करून बिचारे लालबुंद झाले. "अहो ढवळे, सहल आहे की सूर्यनमस्कार?" असं ओरडले. कोणी हसलं तरी भाऊजी ढिम्म. "एक." "दोन." "तीन." असं एकवीसपर्यंत आलं की ते थांबायचे. थोडा वेळ तळमजल्याच्या खिडकीकडे बघायचे. मग म्हणायचे, "ठीक. चला."

खिडकीत कुसुमताई गजांना धरून उभ्या होत्या. पाचव्या की सहाव्या शिट्टीला त्यांना हसू आवरेना. पदराने डोळे पुसत मला म्हणाल्या, "काय गं बाई ह्या माणसाचं खूळ! दोन पावलं धड चालू देईल तर शपथ. एवढे थांबे असले तर मीसुद्धा येईन की!"

"मग चला ना," मी सहज बोलून गेले.

त्या हळूच म्हणाल्या, "माझ्यासाठी नाही ना थांबत कोणी?"

"तुमच्यासाठी कशाला? तुमच्या नवऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय, म्हणून थांबतोय सगळे!"

हे मी मनापासून बोलले होते, देवाशपथ.

रविवारी मिनीबस निघताना भाऊजींनी शिट्टी फुंकली. एकवीसनंतर खिडकीपाशी बसलेल्या, ठेवणीतली जांभळी साडी नेसलेल्या कुसुमताई लाजत म्हणाल्या, "बावीस." भाऊजींनी कागदावर काहीतरी खूण केली आणि स्टिअरिंगवर बसलेल्या म्हात्र्यांच्या पुतण्याला म्हणाले, "ठीक. चला." आवाज जरा घोगरा होता. मला वाटलं, पहाटेच्या गारव्याने असेल.

बागेत माझं टाळकं फिरलं. तालमीत निदान हसू येत होतं, इथे उन्हात सारखं बसा, उठा, ओरडा. येणारे-जाणारे बघत होते. हरणांच्या कुंपणापाशी पाचवी शिट्टी वाजली तशी मी उसळले. "पुरे करा हो भाऊजी! आम्ही काय शेळ्या आहोत? मी उठायची नाही आणि बसायचीही नाही!"

"मोजणी आहे वहिनी," एवढंच म्हणाले. चेहरा ओशाळा, पण शिट्टी काही खाली घेतली नाही. कुसुमताईंनी माझीच बाजू घेतली. "बोल गं, बोल. मी बोलून थकले." सगळे हसले. बाकावर बसून त्याही हसल्या आणि पुन्हा चालू लागल्या.

पाणघोडा पाण्यात होता. दिसत होत्या त्या फक्त दोन नाकपुड्या. कागदावर त्याला बारा मिनिटं होती. भाऊजींनी पुठ्ठा माझ्या हातात कोंबला, "धरा जरा," म्हणाले, आणि कुसुमताईंना गर्दीतून वाट काढत कठड्यापर्यंत घेऊन गेले.

मी रागातच होते. म्हटलं, बघू तरी आणखी किती शिट्ट्या आहेत, म्हणून कागद उलटा केला. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं :

'फाटक ते पहिला बाक, ७०. तिथून हत्ती, कट्टा आहे, ८५. हत्ती ते वाघ, मध्ये काही नाही, १३०, जमणार नाही. मागच्या वाटेने लिंबाखालचा बाक, ६० अधिक ७५. सावली दहापर्यंतच. सगळी पावलं कुसुमची.'

सगळी पावलं कुसुमची. तेवढीच ओळ मी तीनदा वाचली. टिचभर पावलं टाकत हा माणूस चार रविवार इथे फिरला होता. एकवीस जणांनी येडा म्हटलं, मी तर त्याच्या बायकोच्या तोंडावर म्हटलं, आणि ह्याने ते ठेवून घेतलं. कारण सगळेच थांबले की कोणासाठी थांबले हे कोणी विचारत नाही. मला तिथेच रडू फुटलं. आमच्या ह्यांनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "धूळ गेली."

बारा मिनिटं झाली, वीस झाली. पोरं कंटाळली. कुलकर्णी घड्याळ दाखवायला लागले. भाऊजींनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. "आज पाणघोड्याच्या टायमाने," म्हणाले. ह्या माणसाच्या तोंडी हे वाक्य! आणि मग पाणी ढवळलं, ते काळं धूड वर आलं आणि त्याने आ वासला. कुसुमताईंनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "अगं बाई! अगदी तसाच! चित्रातल्यासारखाच!" पाणघोड्याकडे सगळे बघत होते. भाऊजी कुसुमताईंकडे बघत होते.

मी पुठ्ठा परत दिला. भाऊजींनी माझ्या डोळ्यांकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तिला बोलू नका, वहिनी. ती मला खुळा समजते, ते चालतंय."

दुपारी विज्ञान केंद्रात पोचलो. वाकड्या आरशांपुढे आमचे हे एकदम सडपातळ दिसले आणि तिथून हलायला तयार होईनात. पुढचं दालन चांगलंच लांब होतं. पोरं चाकं फिरवत, बटणं दाबत पुढे पळाली आणि त्यांच्या मागे आम्ही सगळे. भाऊजींनी ठरल्या जागी शिट्टी तोंडाला लावली, तोच पहारेकरी धावत आला. "साहेब, आतमध्ये शिट्टी नाय वाजवायची."

सगळ्या नियोजनात एवढंच राहून गेलं होतं. भाऊजींच्या कपाळावर घाम आला. "थांबा," असं ते म्हणाले, पण त्या गोंगाटात शिट्टीशिवाय त्यांचं ऐकतो कोण! मी मागे वळून पाहिलं. कुसुमताईंचा हात छातीशी गेला होता. चेहऱ्यावर हसू होतं, पण ओठ पांढरे पडायला लागले होते, आणि त्या पाय ओढत आमच्या मागून येतच होत्या. मरतील पण थांबा म्हणणार नाहीत. भिंतीलगतचा बाक दहा पावलांवर होता.

मी तिथेच, दालनाच्या मधोमध, फतकल मारली.

"अगं आई गं! मेले!" अशी बोंब ठोकली की पुढे गेलेली पोरंसुद्धा परत आली. "माझे पाय गेले! मी आता एक पाऊल टाकायची नाही. बसा सगळे, मला सोडून कोणी पुढे गेलात तर याद राखा!"

"झालं, नऊ नंबर बसला," कुलकर्णी कुरकुरले. आमच्या ह्यांना लाजेने कुठे बघावं कळेना. "सुमे, लोक बघतायत," म्हणाले. बघू देत. मी ढिम्म हलले नाही. शेवटी ह्यांनी आणि आमच्याबरोबर आत आलेल्या म्हात्र्यांच्या पुतण्याने मला दोन्ही बाजूंनी धरून बाकावर नेऊन बसवलं. माझ्या शेजारी कुसुमताई टेकल्या. बाकीचे जमिनीवर बसले. भाऊजी समोर उभे होते, शिट्टी मुठीत घट्ट धरून. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त मान हलवली.

दोन मिनिटांनी कुसुमताईंचा श्वास खाली बसला, ओठांवर रंग आला. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "दमलीस ना? होतं गं असं. लाजायचं काय त्यात? बस हवं तेवढं. मी काय, मी आणखी चालले असते."

"हो ना," मी म्हटलं. "माझ्यामुळे उगीच खोळंबलात."

"खोळंबा कसला?" त्या म्हणाल्या. "आपल्या माणसासाठी थांबतातच की."

भाऊजींनी तोंड फिरवलं. मग शिट्टीशिवाय, अगदी हळू आवाजात म्हणाले, "मोजणी."

एक, दोन, तीन सुरू झालं. मी माझे नऊ ओरडले. कुलकर्णी चौदा म्हणाले. एकवीसनंतर कोणी थांबलं नाही.

"बावीस!" कुसुमताई खणखणीत म्हणाल्या.