शकूमावशींची चोरीची बाग

आमच्या शेजारच्या शकूमावशी चोर आहेत. हे मी त्यांच्या तोंडावर म्हणते आणि त्या खुशाल "हव" म्हणून कबूल करतात.

रायपूरच्या सरकारी शाळेत त्यांनी जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलं. पण अंगणातलं एक झाड विकतचं असेल तर शपथ! पर्समध्ये ब्लेड, ओला रुमाल नि पिशवी कायम. त्या तेलीबांध्याच्या तलावावर फिरायला निघाल्या की समजायचं, आज तिकडच्या कुठल्या तरी बंगल्याच्या कुंपणावर संक्रांत आहे.

माझ्या दिराच्या लग्नात तर कहरच केला. सगळे मांडवात अक्षता टाकायला उभे, आणि ह्या मांडवामागे जास्वंदीपाशी.

"मावशी, लोक पाहून राहिले ना!"

"पाहू दे. पेन्सिलीएवढी जाड काडी पाहिजे, पानाच्या डोळ्याखाली तिरपी कापायची. धर पिशवी."

मी नवरदेवाची सख्खी वहिनी, नऊवारीत पिशवी धरून उभी! मेल्याहून मेल्यासारखं झालं मले.

त्यांचं म्हणणं असं, की मागून आणलेलं रोप रुसते, चोरलेलं जगते. आणलेल्या रोपाचे लाडही नाहीत. मे महिन्यात नवतप्याचे नऊ जळते दिवस लागले, अंगणात पाय ठेववेना, तरी पाणी दिवसातून एकदाच. "यातून वाचलं ते आपलं. लाडावलेलं झाड अन् लाडावलेली पोट्टी, दोघंही सासरी टिकत नाही." म्हणून त्यांच्याकडे कण्हेर, तगर, जास्वंद, सदाफुली. शेवंती उन्हाळ्यात वाळक्या काड्यांसारखी दिसते, पण पावसात बुडातून फुटतेच. पिटुनिया वगैरेंना त्या पाहुणे म्हणतात, होळीला पळून जाणारे.

पण बाई न्यायाची. दुसऱ्याचं चोरते, तर आपलंही चोरू देते. दुपारी दोन ते चार फाटक उघडं. भिंतीवर कात्री आणि काड्या गुंडाळायला ओला पेपर. मावशी खिडकीआड झोपल्याचं सोंग करून पडणार. पूर्वी अख्खा पारा, म्हणजे सगळा मोहल्ला, चोरायला यायचा. कोणी चुकलं की आतून ओरडा, "मुळासकट फुटवा घे रे, गाढवा!" मग त्याच चोराला आत बोलावून चहा.

आता कोण चोरतं? माझी मुलगीच म्हणते, "मम्मी, फोन पे मंगा लो ना, गमला भी साथ में आता है." कुंडीसकट घरपोच! त्यात यंदा मावशींचा गुडघा गेला नि त्यांचं फिरणंही बंद झालं. काका जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही.

गणपतीच्या आधीची गोष्ट. ऊन पडलं म्हणून मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. मावशी लंगडत बाहेर आल्या. भिंतीवरचा पेपर वाळला होता, त्यावर पाणी शिंपडलं. रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं आणि आत गेल्या. थोड्या वेळानं परत आल्या, परत पाणी शिंपडलं. चार वाजता फाटक लावून घेतलं. कोणी आलं नव्हतं. माय वं! रोज भिंतीपलीकडून बोलते मी त्यांच्याशी, पण फाटकातून आत जाऊन किती महिने झाले होते!

दुसऱ्या दिवशी अडीचला मी चोरी करायला गेले. म्हटलं, आज दिल खुश करून टाकू. जास्वंद कापली, तगर कापली, कण्हेर कापली, शेवंतीचे चार फुटवे काढले. पिशवी गच्च भरली.

"अवं सुनंदा, थांब!"

मी जागीच थबकले. वाटलं, काडी सरळ कापली गेली असेल, आता वर्ग घेणार. मावशी भिंतीला धरत धरत आल्या. माझ्या हातातली पिशवी घेतली. त्यातली कण्हेरीची एक काडी काढून ओल्या पेपरात गुंडाळली नि मला दिली. बाकी सगळं आपल्या बादलीतल्या पाण्यात टाकलं.

"काय झालं मावशी? काही चुकलं का?"

"चुकलं नाही त काय! आजच सगळं नेलं, त उद्या काहून येशील तू?"