चार टक्क्यांची मोहीम

वाचणारांनी हात कोरडे करून, आपापला फोन उशीखाली सारून आणि बोटांस सक्त ताकीद देऊन ही हकीकत वाचावी, कारण मजकूर गंभीर आहे. लिहावयाचे कारण की, दादासाहेब आपले कचेरीत चहाचे वेळी ऐसे सांगत फिरतात की धाकट्या बहिणीचा मेलेला फोन आम्हीच जिवंत केला. ही वार्ता त्यांचे कुटुंब वहिनीसाहेब यांचे कानी गेली आणि त्यांस राग बहुत आला, मग त्यांनी आम्हांस बोलावून फर्माविले की जे जाहले ते जाहले तैसे लिहावे, आमचे यजमानांची भीड धरू नये. आम्ही कोणाचे मिंधे नाही. वहिनीसाहेबांचे घरी चहा घेतो इतकेच, आणि तोही फिक्का असतो.

तर ताईसाहेब म्हणजे दादासाहेबांच्या धाकट्या भगिनी, शिवणकामात मातब्बर. त्यांची राजधानी म्हणजे घराची पुढली खोली. तेथे शिलाईची यंत्रे दोन, पैकी एक चालते आणि दुसरे त्यास सुटे भाग पुरविते, आणि एक कापणीचे लांब टेबल, आणि एक इस्त्री, आणि बसावयास तिपाई, जिचा एक पाय पुठ्ठ्याची घडी घालून सरळ केला आहे. अंगावर सदैव ॲप्रन, आणि ॲप्रनास मोठा खिसा, आणि त्या खिशात खडू, टेप, टाचण्या, धाग्यांची टोके आणि फोन ऐसे सारे एकाच छावणीत गुण्यागोविंदाने नांदत.

फोनाचे वय वर्षे चार, म्हणजे आजकालचे चालीने पणजोबाच. परंतु गडी मोठा चिवट. टेबलावरून अकरा वेळा पडला, एकदा जिन्यावरून नऊ पायऱ्या गडगडत गेला, उजवे कोपऱ्यास काच तडकली, तरी हूं का चूं न करता चाकरी करीत राहिला. त्याचे कारण त्याचे अंगावरील जाड रबरी कव्हर आणि पडद्यावरील जादा काच. हे दोन्ही वहिनीसाहेबांनी बळेच घालावयास लाविले होते. दादासाहेबांचे मत होते की कव्हराने फोनाची शोभा जाते. त्यांचे फोन शोभिवंत असत आणि दर वर्षी मरत.

ऐशा समयी ताईसाहेबांस आयुष्यातील पहिली मोठी कामगिरी मिळाली. एक वाद्यवृंद, असामी बावीस, दहा दिवसांनी मोठे सभागृही वाजविणार, आणि बावीस जणांस एकसारखी बिनबाह्यांची काळी जाकिटे पाहिजेत. आजवर ताईसाहेबांकडे येई ते उसवलेले खिसे, तुटक्या चेनी आणि आखूड करावयाच्या विजारी. ही जाकिटे नीट बसली तर दाराबाहेर पाटी लागणार, आणि बिघडली तर पुन्हा जन्मभर चेनीच बदलाव्या लागणार. पाटी रंगवून तयार होती आणि ती कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभी होती.

बाविसांची मापे घेतली आणि वाद्यवृंद गावोगावच्या दौऱ्यास निघून गेला, तो थेट कार्यक्रमाचे दिवशीच परतावयाचा. आता माप घेण्याची ताईसाहेबांची रीत ध्यानी घ्यावी. दोन्ही हात टेपात गुंतलेले, म्हणून खिशातील फोनावर रेकॉर्डिंग लावावे आणि आकडा तोंडाने बोलत जावे. त्यात पुन्हा मर्म ऐसे की, टेप पोटापाशी आला की पुरुष असामी श्वास आत ओढून धरितात. मग ताईसाहेब त्यांस विचारितात की गाव कुठलं, वाद्य कधीपासून वाजवता, आणि असामी बोलू लागली की श्वास सुटतो, आणि खरा आकडा टेपावर येतो, आणि तो ताईसाहेब हळूच खिशाकडे वाकून सांगतात. मोठा ड्रम वाजविणारे सरदार यांनी स्वमुखे अडतीस सांगितले होते. श्वास सुटला तेव्हा चव्वेचाळीस भरले. व्हायोलिनवाल्यांचा डावा खांदा अर्धा इंच खाली, हेही त्यातच. हे सारे गुप्त दफ्तर त्या एका फोनात होते, अन्यत्र कोठेही नाही. वही होती, परंतु ती कोरी होती.

गुरुवारी सकाळी कापड टेबलावर पसरले आणि ताईसाहेबांनी कात्री उचलली, तो फोनावर टक्के चार. चार्जर लाविला. विजेचे चिन्ह उमटेना. चार्जर दाबून धरिला की उमटे आणि सोडिला की जाई. ताईसाहेब शहाण्या. त्यांनी मनात हिशेब केला की चार टक्क्यांत बावीस मापे ऐकून लिहून होतात, दहा मिनिटांचे काम. मग त्या पेन्सिल आणावयास आत गेल्या. घरात खडू चाळीस होते, पेन्सिल एक, आणि तीही सापडेना. आणि नेमक्या त्याच वेळी दादासाहेबांची स्वारी आली.

दादासाहेब विमा कचेरीत थोर कारकून आणि यंत्रविद्येत स्वयंघोषित पंडित. दारावरची घंटा, मिक्सर आणि भिंतीवरचे घड्याळ त्यांनी दुरुस्त केले, आणि तेव्हापासून तिन्ही मौनव्रत धरून आहेत. त्यांनी फोन हाती घेतला. आतून ताईसाहेबांनी ओरडून सांगितले, "दादा, हात लावू नकोस, आधी मला मापं लिहून घेऊ दे!" त्यावर दादासाहेबांचे उत्तर गेले की, "अगं, दोन मिनिटांचं काम आहे." ही दोन मिनिटे इतिहासात नमूद राहतील.

प्रथम त्यांनी चार्जरची वायर पिळून पाहिली. मग पिन शिरते त्या दरवाजात फुंकर घातली, थुंकीसुद्धा. मग आत काय आहे ते पाहावयास उजेड पाहिजे, म्हणून टॉर्च लाविली. टॉर्च त्याच फोनाची. उजेड पाठीतून निघून छताकडे गेला, दरवाजा बुडाशी, तो अंधारातच राहिला, आणि टक्के दोन उरले. मग दादासाहेबांनी मसलत केली की जगातील जाणते काय म्हणतात ते ऐकावे, आणि फोन चार्ज होत नसल्यास काय करावे या विषयाचा व्हिडिओ लाविला. कोठे लाविला? त्याच फोनावर लाविला. त्यांचा स्वतःचा फोन सत्त्याऐंशी टक्के भरलेला, त्यांचेच खिशात सुखाने झोपला होता. व्हिडिओत प्रथम साबणाची जाहिरात आली, मग एक हसरे गृहस्थ प्रकटले आणि त्यांनी आपले चॅनलची थोरवी गाइली, आणि ती संपवून ते "तर सगळ्यात पहिलं काम काय करायचं" इतके बोलले तोच पडदा काळा जाहला.

ताईसाहेब पेन्सिल घेऊन बाहेर आल्या. पाहतात तो हे, आणि आता चार्जर दाबून धरूनही विजेचे चिन्ह उमटेना. तोंडचे पाणी पळाले. त्या तिपाईवर बसल्या आणि पसरलेल्या काळ्या कापडाकडे पाहत राहिल्या. मग त्या म्हणाल्या, "दादा, तू घरी जा." आवाज लहान होता.

दादासाहेब घरी जाते तर ते दादासाहेब कसले? इतक्यात दोघांच्या मातोश्री, आईसाहेब, आतून आल्या आणि त्यांनी हुकूम केला की फोन तांदळात ठेवावा. दादासाहेब म्हणाले की फोन भिजला नाही. आईसाहेब म्हणाल्या, "नसू दे भिजला, तांदूळ काय त्याला चावतात?" आणि फोन डब्यात गेला आणि अर्ध्या तासाने निघाला तो जैसा मेलेला तैसाच, वर तांदळाचे पीठ माखून. दरम्यान ताईसाहेबांनी आईसाहेबांचा फोन घेऊन, मागणीचे कागदावर नंबर होता तेथे, वाद्यवृंदाचे म्होरक्यास लाविला आणि मापे पुन्हा सांगा म्हणून विनविले. म्होरक्याने शेजारी बसलेल्या ड्रमवाल्यांस विचारिले. पलीकडून खणखणीत जबाब आला, "अडतीस! लिहून घ्या ताई, अडतीस!" ताईसाहेबांनी फोन ठेविला.

मग दादासाहेबांनी टाचणगादीतून सुई उपसली आणि दरवाजात खुपसू लागले, तेव्हा ताईसाहेबांनी त्यांचे मनगट धरिले. सुई धरण्याचे बाबतीत त्या घरात त्यांचाच शब्द चाले. दादासाहेब रुसले आणि त्यांनी अखेरचा सल्ला दिला की फोनाचे आयुष्य ते केवढे, दुरुस्तीचे नादी न लागता नवाच घ्यावा, आमचे घरी खणात ऐसेच तीन मरून पडले आहेत. नव्या फोनात बाविसांची पोटे कोठून येणार, याचा विचार त्यांनी केला नव्हता.

मग ताईसाहेबांनी चपला घातल्या आणि दोन गल्ल्या ओलांडून फोन दुरुस्त करणारे भिंगवाले उस्ताद यांचे दुकानी कूच केले, आणि दादासाहेब सल्लागार म्हणून न बोलाविता मागोमाग निघाले. दुकान म्हणजे किल्ल्या बनविणारा आणि झेरॉक्सवाला यांचे मधील एक फट. काचेचे टेबल, त्यावर उघडी पाडलेली फोनांची धडे, लोहचुंबकाचे पत्र्यावर मोहरीहून बारीक स्क्रू रांगेने लाविलेले, आणि मागे कपाळी भिंग बांधलेले उस्ताद. दादासाहेबांनी त्यांस बॅटरी, बोर्ड आणि कंपन्यांची कारस्थाने यांजवर व्याख्यान दिले. उस्तादांनी ते शेवटपर्यंत ऐकिले आणि मग ताईसाहेबांकडे वळून विचारिले, "काम काय करता?"

"शिवते."

"फोन कुठे असतो दिवसभर?"

"ॲप्रनच्या खिशात."

उस्तादांनी मान डोलाविली. मग लाकडी टूथपिक घेतली, पात्याने तासून बारीक केली, भिंग डोळ्यावर ओढिले आणि दरवाजाचे कडेकडेने हळूहळू कोरू लागले. प्रथम तांदळाचे पीठ निघाले. मग निघाला धाग्यांचा आणि कापसाचा एक बोळा, घट्ट दाबलेला, थरावर थर. चार वर्षे दररोज चार्जर त्यास आत ठोशीत आला होता, आणि अखेर पिनेस टेकावयास जागाच उरली नव्हती. ताईसाहेब वाकून पाहू लागल्या. "हा लाल बँकेच्या पडद्यांचा," त्या म्हणाल्या, "हा निळा शाळेच्या गणवेशांचा... आणि हा पिवळा माझ्याच परकराचा!" मग चार्जर लाविला. कट्ट ऐसा आवाज आला आणि विजेचे चिन्ह उमटले. सारी लढाई मिनिटे चार. ताईसाहेबांचे डोळ्यांस पाणी आले आणि त्या हसू लागल्या.

उस्तादांनी तेथेच फर्मान काढिले की, सुई, टाचणी अथवा कोणतेही लोखंड दरवाजात घालू नये, आतील बारीक पट्ट्या वाकल्या की उस्तादही हात टेकतात. साफ करणे ते फोन बंद करून, लाकडाने, आणि बळ न लाविता. फुंकर मारू नये, कारण फुंकरेत पाणी असते, आणि हे बोलताना त्यांनी दादासाहेबांकडे पाहिले. भिजला तर लागलीच बंद करून आणावा, तांदूळ जेवणासाठी असतात. कव्हर काढू नये, ज्याने घालाविले त्याचे उपकार मानावे. चार्जर ढिला वाटू लागला तर नवा फोन घेण्याआधी एकदा आत पाहावे. आणि जे हरवले तर रडू येईल, ते दोन ठिकाणी ठेवावे. हे शेवटचे कलम त्यांनी दोनदा सांगितले.

घरी परतताच वहिनीसाहेब आल्या आणि कोरी वही उघडून लिहावयास बसल्या, आणि फोन बोलू लागला, आणि बाविसांची बावीस पोटे, श्वासासह व श्वासाविना, शाईने कागदावर उतरली. मग कात्री चालली. ॲप्रनास फोनापुरता निराळा खिसा लागला, वर झाकण आणि बटण. आणि वहिनीसाहेब उस्तादांनी ताईसाहेबांस दिलेली टूथपिक घेऊन घरी गेल्या आणि दादासाहेबांचे खणातील तीन मृत फोन बाहेर काढिले. दोन उठून बसले. तिसरा उठला नाही, कारण त्याचे दरवाजात मोडक्या सुईचे टोक होते. त्या दिवशी दादासाहेब जेवणाचे पानावरून लवकर उठले.

कार्यक्रमाचे दिवशी बावीस जाकिटे बावीस अंगांवर चढली आणि एकही बटण ताणले नाही. ड्रमवाले सरदार आरशापुढे उभे राहून खूश जाहले आणि गरजले, "बघा ताई, अडतीस सांगितलं होतं की नाही? बरोब्बर बसलं!" शेजारी दादासाहेब उभे होते. ते म्हणाले, "बसणारच. मापं फोनात अडकली होती, तो फोन मीच तर चालू केला." मग त्या दोघा वीरांनी एकमेकांची पाठ थोपटली आणि परस्परांवर पूर्ण विश्वास ठेविला.

 ताईसाहेबांनी घरी येऊन कपाटामागील पाटी काढून दाराबाहेर ठोकली, कापसाचा बोळा बटणांचे डबीत जपून ठेविला आणि वहीत नोंद केली की, ड्रमवाले, श्वास सुटल्यावर, आता पंचेचाळीस. येणेप्रमाणे चार टक्क्यांची मोहीम फत्ते जाहली. दादासाहेबांस याची एक नक्कल द्यावी, आणि दुसरी वहिनीसाहेबांनी निराळ्या ठिकाणी ठेवावी.