डॉक्टर बगळ्यासाठी आडवे होतात

"दवाखान्याच्या भिंतीवर दुसऱ्या कुणाचं चित्र? मी जिवंत असेपर्यंत तरी नाही!"

दाताच्या डॉक्टरांनी शनिवारी जेवताजेवता ही घोषणा केली आणि टाळ्यांची वाट पाहिल्यासारखं बायकोकडे पाहिलं. बायको ताटातलं संपवत होती. दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी बसून पेशंटना नंबर द्यायचं काम तीच करायची, त्यामुळे डॉक्टरांच्या घोषणांना नंबर लावून बसवून ठेवायची तिला सवय होती.

"ताई उद्या संध्याकाळी चित्र घेऊन येणार आहे," ती म्हणाली. "खिळासुद्धा आणतेय."

दवाखान्याला नुकताच रंग दिला होता आणि पेशंट बसतात त्या खोलीतली मोठी भिंत मोकळी होती. थोरल्या मेव्हणीला चित्रं काढायचा नवा नाद लागला होता. तिचा सूर्यास्त डॉक्टरांनी पाहिला होता. फुटलेलं अंडं कुणीतरी घाईघाईत फडक्याने पुसावं तसा तो दिसत होता! आधीच दाढ धरून बसलेल्या माणसाने समोर ते बघत बसायचं? आणि एकदा ताईंचं चित्र लागलं की ते उतरवायची हिंमत घरात कुणाची होती?

"उद्या सकाळीच धक्क्यावर जातो," डॉक्टर म्हणाले. "माणसं, पक्षी, पाणी, कोवळं ऊन, सगळं तिथे आयतं मांडलेलं असतं. मी फक्त बटण दाबायचं! संध्याकाळी ताई येतील तेव्हा भिंतीवर माझा फोटो असेल!"

"तुमचा?"

"मी काढलेला!"

"मग नीट सांगत जा हो. माणूस दचकतं."

कॅमेरा नवाकोरा होता. त्याला पुढे अशी लांबलचक लेन्स होती की घरात डॉक्टर कॅमेरा घेऊन वळले की बायको फुलदाणी उचलून हातात धरायची.

रविवारी सकाळी डॉक्टर धक्क्यावर पोचले तेव्हा सगळं खरोखरच मांडून ठेवलेलं होतं. काठाने बांधलेल्या होड्या डुलत होत्या, कठड्यालगत बाकं होती, फिरायला आलेली मंडळी हात हलवत झपाझप चालत होती. आइस्क्रीमवाला गाडी पुसत होता. एक आजोबा पाण्यात गळ सोडून, शेजारी बादली ठेवून, जगाशी काही देणंघेणं नसल्यासारखे बसले होते.

डॉक्टरांनी आधी माणसांपासून सुरुवात केली. एक धावणारे गृहस्थ थांबून घाम पुसत होते. डॉक्टरांनी विचारलं, "एक फोटो काढू? जरा हसा ना!"

गृहस्थ खुशीत हसले. डॉक्टरांनी लेन्स फिरवली आणि दात जवळ आणले. आणखी जवळ आणले. मग कॅमेरा खाली घेऊन गंभीर चेहऱ्याने विचारलं, "ही वरची कॅप कुणी बसवली तुम्हाला?"

"का?"

"नाही... बसवणारा घाईत होता वाटतं."

गृहस्थांचं हसू मिटलं ते मिटलंच. डॉक्टरांना त्यांच्या पाठीचा फोटो मिळाला, तोही हललेला!

मग एक आजीबाई, मग एक नवीन लग्न झालेलं जोडपं. पण व्हायचं तेच झालं. समोरचा हसला की डॉक्टरांना चेहरा दिसेनासा व्हायचा आणि फक्त जबडा उरायचा. अर्ध्या तासात त्यांनी धक्क्यावरची निम्मी माणसं तोंड मिटून चालायला लावली.

"माणसांचा नाद सोडावा," डॉक्टरांनी स्वतःला सांगितलं. "पक्ष्यांना दात नसतात."

आणि तेवढ्यात तो दिसला! राखी बगळा! एका जुन्या होडीच्या टोकावर एका पायावर उभा. लांब मान आत घेतलेली, डोळ्यावरून मागे गेलेली काळी शेंडी, आणि चेहऱ्यावर मुख्याध्यापकाचा भाव. हाच! भिंतीवर हाच!

मध्ये फक्त एक बाक येत होतं. बाकावर एक माणूस पाठमोरा बसला होता. डॉक्टरांनी लेन्स रोखली आणि त्याच क्षणी त्या माणसाने मान वळवली.

तो शिंपी होता.

शिंप्याच्या दाढेचं रूट कॅनॉल डॉक्टरांनी अर्धं केलं होतं आणि उरलेलं अर्धं करायच्या आत शिंपी गायब झाला होता. बायकोने फोन केला की तो आवाज बदलून "ते गावाला गेलेत" म्हणायचा. आता त्याला दिसलं ते असं: सुट्टीच्या दिवशी, भर धक्क्यावर, डॉक्टर हातभर लांब नळी थेट त्याच्या गालावर रोखून उभे!

"मेलो!" शिंपी पुटपुटला. "शोधत इथपर्यंत आले!"

डॉक्टरांच्या डोक्यात त्या वेळी शिंपी नव्हता, दाढही नव्हती. फक्त बगळा होता. तो उडू नये म्हणून त्यांनी आवाज न करता हाताने खूण केली, बाजूला व्हा, बाजूला! शिंप्याला वाटलं, इकडे या म्हणतायत. तो उठला आणि वाकून पळत आइस्क्रीमच्या गाडीमागे जाऊन लपला.

"काय देऊ?" आइस्क्रीमवाल्याने विचारलं.

"गप्प बस! दातांचं प्रकरण आहे!"

इकडे डॉक्टर खूश! वाट मोकळी झाली होती. पण उभ्याने बगळ्यामागे समोरच्या गोदामाचं पत्र्याचं छप्पर येत होतं. खालून घेतला तर मागे नुसतं आकाश! डॉक्टर हळूच गुडघ्यांवर बसले, मग कोपरांवर आले, मग पोटावर सपशेल आडवे झाले. गाल फरशीला टेकला. एक डोळा मिटला. श्वास रोखला. बोट बटणावर गेलं.

गाडीमागून शिंप्याने डोकं बाहेर काढलं आणि त्याला डॉक्टर जमिनीवर पालथे, निश्चल पडलेले दिसले.

"अरे देवा! मी पळालो म्हणून धसका घेतला!" गाडीमागून पुढे यायचं धाडस त्याला झालं नाही, पण आवाज मात्र शाबूत होता. "धावा! डॉक्टर पडले! डॉक्टर गेले!"

बगळा उडाला.

"अरेरेरे!" डॉक्टर कळवळले.

"कण्हतायत! जिवंत आहेत!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळा धक्का त्यांच्या अंगावर धावून आला. मघाचे कॅपवाले गृहस्थ सगळ्यांत पुढे होते, आणि त्यांच्याही पुढे होत्या एक रिटायर्ड नर्सबाई. पायात पांढरे बूट, मनगटं पैलवानाची, आणि रिटायर झाल्यापासून एकही पेशंट हाताला न लागल्याने उपाशी असलेला उत्साह!

"हवा येऊ द्या! उताणं करा यांना!"

"अहो, मी ठीक आहे!"

"असंच म्हणतात सगळे. बोलू नका!" नर्सबाईंनी एका हिसक्यात डॉक्टरांना पाव उलटावा तसं उलटं केलं आणि मनगट पकडलं. "नाडी केवढी पळतेय!"

"पळणारच! बगळा उडाला माझा!"

नर्सबाईंनी गर्दीकडे बघून मान हलवली. "बगळा उडाला म्हणतायत. डोक्यापर्यंत गेलंय."

"अहो बाई, मी स्वतः डॉक्टर आहे!"

"कशाचे?"

"दातांचे."

"मग पडून राहा."

कुणीतरी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. कुणीतरी डॉक्टरांच्या खिशातला मोबाइल काढून 'घर' या नंबरवर फोन लावला आणि "घाबरू नका, पण लगेच या" एवढंच सांगून ठेवून दिला. असा निरोप ऐकून न घाबरणारं माणूस अजून जन्माला यायचंय!

अ‍ॅम्ब्युलन्स आली. एरवी बोलावली तर येत नाही, पण त्या दिवशी जणू कोपऱ्यावरच टपून बसली होती. दोन तगडी माणसं स्ट्रेचर घेऊन उतरली. डॉक्टरांनी हात झाडले, पाय झाडले. "झटके येतायत!" नर्सबाई म्हणाल्या. मग काय, छातीवर एक पट्टा, पायांवर एक पट्टा, आणि दोन्ही हात पट्ट्याच्या आत. कॅमेरा पोटावर तसाच राहिला.

स्ट्रेचर उचलायला जागा हवी म्हणून गर्दी मागे सरकली, आणि मागे गळवाले आजोबा होते.

"माझी बादली!" आजोबा तेवढ्या सकाळात पहिल्यांदाच बोलले.

बादली लवंडली. पाण्यासकट मासे फरशीवर आले आणि उड्या मारू लागले. जो तो पाय उचलून नाचू लागला आणि एक चांगला बोटभर लांब मासा उडून थेट डॉक्टरांच्या गुडघ्यांवर पडला.

आणि वरून फडफडत, लांब पाय खाली सोडत, तोच राखी बगळा आला! गर्दी पाहून तो बिचकला नाही. आजोबांच्या बादलीवर त्याचा रोजचाच डोळा असणार. तो डॉक्टरांच्या पायांशी, स्ट्रेचरच्या दांडीवर ऐटीत उतरला, पंख अर्धे मिटले आणि मान वाकडी करून डॉक्टरांकडे पाहिलं.

जो तो एक पाय उचललेला तसाच राहिला.

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. अगदी पावलांशी बगळा! मागे निळंभोर आकाश! एकेक पीस मोजून घ्यावं असं ऊन! आणि हात पट्ट्याखाली!

"कॅमेरा..." ते कुजबुजले. "कुणीतरी बटण दाबा हो..."

"शेवटची इच्छा सांगतायत," कॅपवाले गृहस्थ हळूच म्हणाले.

शिंप्याला हे सहन झालं नाही. आपल्यामुळे मरणाऱ्या माणसाची एवढी एक इच्छा तरी पुरी करावी म्हणून त्याने आपला मोबाइल काढला आणि बटण दाबलं. पुढच्याच क्षणी बगळ्याने मासा उचलला आणि तो पाण्यावरून तरंगत निघून गेला.

त्याच वेळी बायको पोचली. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्या पायात डॉक्टरांची. केस मोकळे, चेहरा पांढराफटक. गर्दीत घुसून तिने स्ट्रेचरची कड धरली. डॉक्टरांच्या कपाळावर तिने हात ठेवला तेव्हा तो हात गार पडला होता. त्या गार स्पर्शाने डॉक्टरांची सगळी चिडचिड एकदम विरघळली.

"अगं, मला काही झालं नाही," ते हळूच म्हणाले. "फोटोसाठी आडवा झालो होतो."

"फोटोसाठी?"

"बगळ्याच्या."

बायकोने नर्सबाईंकडे पाहिलं. "यांचं हृदय ठीक आहे?"

"तसं... ठणठणीत वाटतंय," नर्सबाईंनी जड मनाने कबूल केलं.

"मग मीच बंद पाडते!" आणि ती तिथेच फरशीवर बसून आधी रडली, मग हसली, मग दोन्ही एकदम करू लागली. नर्सबाईंनी आशेने तिचीही नाडी धरली.

पट्टे सुटले. अ‍ॅम्ब्युलन्सवाले चार शब्द सुनावून गेले. आजोबांनी उरलेले मासे गोळा केले. शिंपी हात जोडून पुढे आला. "डॉक्टर, उद्या पहिला नंबर माझा. काय करायचं ते करा, पण पुन्हा असं पडू नका!"

डॉक्टरांच्या कॅमेऱ्यात त्या दिवशी काय आलं होतं? एक हललेली पाठ, चार जबडे आणि फरशी.

संध्याकाळी ताई आल्या. हातात हातोडा, काखेत सूर्यास्त. बायकोने सगळी हकीकत सांगितली आणि शिंप्याने पाठवलेला फोटो दाखवला. ताईंनी चष्मा लावला. मग त्या सोफ्यावर बसल्या आणि इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. हसणं ओसरल्यावर त्यांनी चित्र उलटं ठेवलं आणि चौकटीच्या मागचे खिळे उचकटून सूर्यास्त बाहेर काढला.

"अहो ताई, हे काय?" डॉक्टर गडबडले.

"डॉक्टर, मला चित्र काढता येत नसेल, पण बघता येतं," ताई म्हणाल्या. "हा मोठा करून आणा. चौकट माझी!"

आता दवाखान्यात शिरलं की समोर तो फोटो दिसतो. निळं आकाश, अर्धे पंख मिटलेला तो देखणा बगळा, आणि त्याच्या पुढ्यात पट्ट्यांनी बांधलेला, डोळे विस्फारलेला एक माणूस. पेशंट दाढ विसरून बघत बसतात. डॉक्टर दवाखान्यात तोंडावर मास्क लावतात ते किती बरं, हे त्यांना हल्लीच कळलंय.

परवा एक काकू खुर्चीवर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बाहेरचा बगळा काय सुरेख आहे हो! कुणी काढला?"

"आमच्या एका पेशंटने."

"हात आहे हं त्याला! फक्त तो आडवा माणूस मध्ये कशाला घेतला? सगळी शोभा घालवली मेल्याने. त्याला जरा बाजूला व्हायला सांगायचं!"

बाहेरच्या टेबलावरून बायकोचा खोकल्याचा आवाज आला. डॉक्टरांनी मास्क आणखी वर ओढला.

"सांगितलं होतं हो काकू," ते म्हणाले. "पण त्याला बांधून ठेवलं होतं."