चिंचखार धक्क्याची तक्रार

चिंचखार धक्क्याची तक्रार मी बंद केली. एका गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास, पूर्ण शुद्धीत. तिच्याबरोबर आणखी दोनशे सत्त्याऐंशी तक्रारी बंद केल्या, त्यांचं कुणालाच काही वाटलं नाही. पण ही एक बंद झाली आणि म्हात्रे सरांनी माझ्याशी बोलणंच बंद केलं.

सरांना ओळखणारे म्हणतील, नशीबवान आहेस! कारण सर बोलायला लागले की पहिलं वाक्य ठरलेलं, "सोर्स दाखव."

एखादी गोष्ट आतून कशी बनली आहे हे कळल्याशिवाय तिला हात लावायचा नाही, हा सरांचा बाणा. स्टेशनजवळच्या वडापाववाल्याला त्यांनी चटणीचा सोर्स मागितला. तो म्हणाला, "काका, मागं लाइन बघा." डॉक्टरांना गोळ्यांचा मागितला, त्यांनी सरांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. कामोठ्याला पुतण्याच्या लग्नात भटजींना मंत्राचा अर्थ विचारत बसले आणि मुहूर्त अकरा मिनिटांनी टळला. हरले ते फक्त काकूंपुढे, म्हणजे स्वतःच्या बायकोपुढे. काकूंचा माशांचा मसाला चाळीस वर्षं बंद बरणीत आहे. "माझ्या आईचा आहे," काकू म्हणतात, "खायचं तर खा, नाहीतर वरणभात आहे."

सर मूळचे गव्हाणचे. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन खांदा कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. एरवी बोलणं अगदी शुद्ध, पण चिडले की गव्हाण वर येतं. त्यांच्या वडिलांना भरतीची वेळ तोंडपाठ असायची. तिथीची पाऊणपट केली की झाली वेळ. हे गणित सरांनी संगणकात घातलं, त्यात पुढे चंद्रसूर्याचे बारकावे भरले, किनाऱ्यावरचे सत्तरेक धक्के घातले आणि 'भरती' नावाचा प्रोग्राम तयार करून जगाला फुकट दिला. नुसता फुकट नाही, तर मुक्त. म्हणजे कुणीही उघडावा, आत बघावं, बदलावा. चूक सापडली तर सगळ्यांना दिसेल अशी तक्रार नोंदवावी. तिच्याखाली सर उत्तर लिहिणार, तेही सगळ्यांना दिसणार.

आमच्या बेलापूरच्या कंपनीला हा प्रोग्राम सापडला. आम्ही तराफे आणि लाँचच्या वेळापत्रकांचं सॉफ्टवेअर विकत होतो. त्याच्या पोटात आम्ही गुपचूप 'भरती' बसवला. गुपचूप बसवायची काही गरज नव्हती, परवानगी होतीच. पण आम्हाला सवय. वर्षभरानं आमच्या साहेबांना कुठल्याशा परिषदेत साक्षात्कार झाला, की आपण कम्युनिटीला काहीतरी परत दिलं पाहिजे. म्हणून पन्नास टी-शर्ट छापले. 'भरती'ची कम्युनिटी म्हणजे सर, आणि तक्रारी करणारे. बेचाळीस टी-शर्ट सरांच्या घरी पडून राहिले. काकूंनी त्यांची फरशी पुसायची फडकी केली. कापड चांगलं होतं म्हणाल्या.

सरांना पैसेही देऊ केले. सर म्हणाले, "पैसे नकोत. माणूस द्या. आठवड्यातून एक सकाळ." कंपनीनं तपासलं, कुणाविना अडणार नाही. मी निघालो.

सरांनी माझं नाव कधी विचारलंच नाही. "ये कंपनी, बस," एवढंच. मी केलेला पहिला बदल त्यांनी सतरा वेळा परत पाठवला. काम चोख होतं, पण बदलासोबत जी ओळ लिहायची असते ती मी लिहिली होती, 'किरकोळ दुरुस्ती'.

"क्रियापद कुठंय?" सर म्हणाले. "क्रियापदाशिवाय वाक्य म्हणजे वल्ह्याशिवाय होडी. आणि किरकोळ कुणी ठरवलं? सोर्स दाखव."

दर गुरुवारी मी त्या घरातून दात-ओठ खात उतरायचो आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा चढायचो. चढण्याचं कारण काकूंचा मसाला होता, हे ऑफिसात सांगितलं नव्हतं.

मग साहेबांनी फर्मान काढलं. 'भरती' आपल्या सर्व्हरवर आणायचा आणि दोन वर्षांहून जुन्या तक्रारी बंद करायच्या. "जुन्या तक्रारी दिसल्या की गिऱ्हाईक बिचकतं. जगात हीच पद्धत आहे." सर्व्हरचं सरांनी मान्य केलं. तक्रारींबद्दल "बघू" म्हणाले. त्यांच्या 'बघू'चा अर्थ मला माहीत होता, पण साहेबांना नव्हता, आणि पगार साहेब देत होते.

सगळ्यांत जुनी होती तक्रार क्रमांक चौदा. 'चिंचखार धक्क्याची भरतीची वेळ चुकते.' मी सरांना आधीच विचारलं होतं, ही का अडकली?

"राहू दे ती."

"पण का?"

"राहू दे म्हटलं ना."

"सर, सोर्स दाखवा," मी म्हणालो. माझ्या मते हा फार मोठा विनोद होता. सर उठून गॅलरीत गेले.

तर त्या गुरुवारी सर दातांच्या डॉक्टरकडे गेले होते आणि मी ऑफिसातूनच काम उरकत होतो. बाकीच्या तक्रारींवर यंत्रानं ठराविक ओळ चिकटवली. चौदा नंबरला मात्र मी न्याय द्यायचं ठरवलं. उपग्रहाचा फोटो काढून पाहिला. चिंचखारला खाडीच नव्हती. भराव पडून लालभडक सपाट मैदान झालेलं, त्यावर डंपर. रहस्य उलगडल्याच्या आनंदात मी लिहिलं, 'हे ठिकाण आता अस्तित्वात नाही. सबब तक्रार निकाली काढली आहे.' क्रियापदासकट. धक्का यादीतून उडवला आणि जेवायला गेलो.

तक्रारीखाली चारेकशे उत्तरं होती. ती वाचायला पान खाली सरकवावं लागतं. ते मी सरकवलं नाही.

पुढच्या गुरुवारी सरांनी दार उघडलं, मला पाहिलं आणि दार तसंच उघडं ठेवून आत गेले. ना "ये कंपनी", ना "सोर्स दाखव". त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच. तेव्हा काकूंनीच संगणक माझ्याकडे वळवला. "वाच आता तरी."

तक्रार लिहिणारे कासमभाई. मूळ चिंचखारचे, पंचवीस वर्षं आखातात एका गोदीवर भांडारपाल. दर शुक्रवारी नमाजनंतर ते लिहायचे, 'सर, आज चिंचखारला भरती बारा दहाची दाखवते. पटत नाही.' सर लगेच चंद्राची कक्षा समजावून सांगायचे आणि खाली, 'दमा कसा आहे?' पुढच्या शुक्रवारी, 'दमा बरा. भरती एकोणीस मिनिटं चुकली. तुमच्या गव्हाणला जिताडा मिळतो का अजून?' मग सरांचे जिताडा या माशावर तीन परिच्छेद. मोतीबिंदू, मुलीचं लग्न, सरांच्या मुलाचं परदेशातून न येणं. मला महिनोन् महिने क्रियापदावरून छळणारा हा माणूस तिथे लिहीत होता, 'मुलाचा फोन नाही. असो.'

"त्याच्या बापाची होडी त्या धक्क्याला बांधलेली असायची," सर भिंतीकडे बघत बोलले. "भराव पडून तीन वर्षं झाली. काय लिवू त्याला? धक्का नाय म्हणून? तो तिकडं बसून दर शुक्रवारी गावचं पानी बघतो."

"पण सर, हे खोटं..."

"खोटं कसलं? चंद्र हाय, दर्या हाय. भरती येतेच. तिला टेकायला जागा नाय, एवढंच."

बंद तक्रारीखालीही लिहिता येतं, पण गेले दोन शुक्रवार कासमभाईंनी काही लिहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा शुक्रवार. मी रजा टाकून सकाळीच खांदा कॉलनीत हजर झालो. सर संगणकासमोर, मी स्टुलावर. दोन वाजले, तीन वाजले. काकूंनी चहा केला, तो कुणी प्यायला नाही. सव्वातीनला चौदा नंबरखाली मजकूर उमटला.

'सर, सलाम. गेले दोन हप्ते दम्यानं दवाखान्यात होतो, फिकीर नको. धक्का गेला हे मला ठाऊक होतं. पहिला डंपर आला त्या दिवशी बहिणीनं फोनवर रडून सांगितलं. तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून मीही काढलं नाही. तुम्ही इतक्या प्रेमानं चंद्र समजावत होता, की मोडता येईना. मेहरबानी करून धक्का यादीत परत टाका. मला शुक्रवारी दुसरं काम नाही. तुम्हालाही नसावं.'

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. पुसायचं फडकं म्हणजे आमचा टी-शर्ट होता.

"ये कंपनी," ते म्हणाले, "बस."

मी तिथेच धक्का परत बसवला, तक्रार उघडली आणि ओळ लिहिली, 'चूक दुरुस्त केली.'

"कुणाची चूक?" सर म्हणाले. "सोर्स दाखव."

मी माझं नाव लिहिलं. पूर्ण, आडनावासकट. ते आजही तिथे आहे, जगात कुणालाही दिसतं. साहेबांनाही दिसलं, पण तो वेगळा ताप.

पुढच्या शुक्रवारी कासमभाईंचं उत्तर आलं. सरांनी मला फोन करून मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा.

'सर, धक्का मिळाला, शुक्रिया. भरती एकोणीस मिनिटं चुकते, ती राहू द्या. त्या कंपनीवाल्याला तेवढं दुरुस्त करा.'