इस्माईलभाईंचा रेनेसाँ

बारा मे. दिवसाचं काम: इस्माईलभाईंना द्यायचं वॉर्निंग लेटर टाइप करणे. विषय: गिऱ्हाइकाच्या छतावर कामगारांची नावं ओतणे.

हे वाचून कोणाला वाटेल, इस्माईलभाई माथेफिरू आहेत. तसं नाही. इथे आखातात, रास अल खोरमधल्या आमच्या वर्कशॉपचे ते फोरमन, मूळचे दाभोळचे. आम्ही व्हिलांसाठी जिप्समची पानाफुलांची छतं करतो आणि 'इटालियन' म्हणून विकतो. सव्वीस वर्षं भाईंनी ही इटली मुकाट्याने ओतली. मग माझ्या मुलाचं युरोपच्या इतिहासाचं पुस्तक त्यांच्या हाती लागलं. परीक्षा संपल्यावर त्याने ते गाडीत टाकलं होतं, मी ऑफिसच्या रद्दीत टाकलं. भाईंनी ते रद्दीतून उचललं आणि दोन महिने जेवणाच्या सुट्टीत डिक्शनरी घेऊन वाचलं. मुलाला सांगितलं तर म्हणाला, "मॉम, नोबडी रीड्स दॅट. इट्स फॉर द एक्झाम."

तेव्हापासून आमच्याकडे जगातल्या गोष्टींचे दोनच प्रकार आहेत. मध्ययुगीन आणि रेनेसाँ.

जिप्सम बोर्डांचा ट्रक आला. लेबलवर जाडी बारा मिलिमीटर. भाई एकेक बोर्ड मोजायला बसले. ड्रायव्हर वैतागला. "चाचा, लिखा है ना!"

"लिखा तो मध्ययुग में भी था. लिखे हुए पे सब हजार साल बैठे रहे. यल्ला, दुसरा लाव."

सगळे बोर्ड बाराच निघाले. भाई जराही खजील झाले नाहीत. "बाई, आधी नुसता विश्वास होता. आता माहीत झालं."

कंपनीच्या वाढदिवसाला बॅनर लागला. मालकांचा फोटो दरवाजाएवढा, खाली आम्ही सगळे वाटाण्याएवढे. भाई मालकांनाच म्हणाले, "सेठ, चित्र मध्ययुगीन आहे. तेव्हा मोठ्या माणसाला मोठा काढायचे, छोट्याला छोटा. मग लोकांनी डोळे उघडले. जो जवळ उभा, तो मोठा!" मालकांनी मला बाजूला घेतलं. "इसको गर्मी लग गई क्या?"

तिथवर मी चालवून घेतलं. मग नावं आली.

"मध्ययुगात कारागिराचं नाव देवाला माहीत असलं की खलास," भाई समजावत होते. "रेनेसाँमध्ये तो म्हणाला, हे मी केलंय." आणि त्यांनी उम्म अल कुवैनच्या एका व्हिलात मजलिसच्या, म्हणजे दिवाणखान्याच्या छतावर, वेलबुट्टीत, इंग्रजी अक्षरांत अकरा नावं ओतून घेतली. गिऱ्हाईक दुपारी कोचावर आडवं झालं, वर बघितलं आणि मालकांना फोन लावला, "हू इज रामसेवक?"

मालकांचा हुकूम आला. उद्यापर्यंत नावं बुजवा, नाहीतर इस्माईलला कायमचा घरी पाठवा.

मी लेटर घेऊन भाईंना समोर बसवलं. "सही करा."

"नावं पुसली तर युरोप परत अंधारात जाईल, बाई."

"युरोपचं युरोप बघेल. इथे तुमची नोकरी जातेय."

"जाऊ दे."

हट्टी माणसाशी वाद घालू नये, त्याला दुसरं काम द्यावं. मी म्हटलं, "हे छत बुजवा. पुढच्या पॅनलपासून नावं पाठीवर लिहा. फोटो काढा, मग पॅनल वर चढवा."

"पाठीवर? म्हणजे वाचणार फक्त देव. हे मध्ययुगच झालं की!"

"देव आणि रामसेवकच्या घरचे. फोटो त्यांनाच पाठवता ना सगळे?"

भाईंनी लेटर पुढे ओढलं. "अर्धा रेनेसाँ चालेल?"

"पगार पूर्ण मिळेल."

त्यांनी सही केली. बुजवायला जाणाऱ्या माणसासाठी मी नावांची यादी काढली. अकरा. झाडू मारणारा करीमसुद्धा होता. ज्याने हे सगळं ओतून घेतलं त्याचंच नाव नव्हतं.

"तुमचं कुठेय?"

"माझं कशाला?" भाई उठले. "रामसेवकची पोरगी फोटोवर बोट ठेवून विचारते, पप्पा, ये आपने बनाया? असं विचारायला कोणीतरी लागतं, बाई. आमच्याकडे आधी बायको गेली, मग आई. दाभोळच्या नंबरवर आता कोणी फोन उचलत नाही."

एवढं बोलून ते ओल्या साच्यांकडे निघून गेले. मी लेटरवर 'समज दिली' लिहिलं, फाइल लावली आणि उरलेली इन्व्हॉइसेस संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी थेट वर्कशॉपमध्ये गेले. ट्रकमध्ये चढणारं एक पॅनल भाईंना पालथं घालायला लावलं आणि मार्करने पाठीवर लिहिलं, 'इस्माईल, दाभोळ.' मग ते सुलटं करून चष्मा लावून बघितलं.

"हे डाव्या कोपऱ्यातलं पान कोणी केलं?"

"मी."

"वाकडं आहे."

"वाकडं? बाई, डोळ्यांनी बघा जरा!"

"डोळ्यांनीच बघतेय."

पाऊण तास भांडलो. ट्रक उशिरा सुटला.